काठीवर चढणारी भेंडी

मंठाळचा गुरुलिंग गुळव्या स्वतःची गोष्ट सांगायला बसला की सुरुवात ठरलेली असायची. "मी जलमलो तवा आई म्हनली, पोरगा मोठा हुशार निघंल. तवापासनं आमच्या घरात आईचं कुणी ऐकंना." ऐकणारे हसायचे आणि तोही हसायचा. पण हे हसू त्याला फार उशिरा आलं. बत्तीस वर्षांचा होईतो गुरुलिंग स्वतःला कधीच हसला नव्हता, आणि तसं काही कारण आहे असं त्याला वाटतही नव्हतं.

निजामाच्या अमलातले दिवस होते. त्या भागात ऊस थोडा, गुऱ्हाळं त्याहून थोडी आणि चांगला गुळव्या पंचक्रोशीत एखादाच. उसाच्या रसात माती असते, चिपाडाचा चुरा असतो, नाही नाही ते असतं. ते काढायला रानभेंडीची ताटं ठेचून पाण्यात भिजत घालतात. ताटांतून शेंबडासारखं बुळबुळीत पाणी सुटतं. ते काहिलीतल्या उकळत्या रसात ओतलं की घाणीला मिठी मारून वर आणतं, आणि मग झाऱ्यानं मळी काढून टाकायची. भेंडी जमली तर गूळ केशरी, नाही जमली तर गाढवाच्या रंगाचा.

गुरुलिंगची भेंडी जमायचीच. आणि जमली हे तो सगळ्या जगाला दाखवायचा. भेंडीच्या रांजणात जांभळीची एक गुळगुळीत काठी उभी धरायची आणि ताक घुसळल्यासारखी दोन्ही तळव्यांत फिरवायची. साध्या पाण्यात काठी फिरवली तर काठीभोवती खड्डा पडतो. गुरुलिंगच्या रांजणात उलटं व्हायचं. ते बुळबुळीत पाणी काठीला बिलगून वर चढायचं, चांगलं वीतभर. माणसं बघायला जमायची. गुरुलिंग डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा. लोकांना तो मंत्र वाटायचा. खरं तर ती कानडी महिन्यांची नावं होती, आणि तीही श्रावणापर्यंतच, कारण पुढची त्याला येत नव्हती.

"हातगुण हाय," लोक म्हणायचे. गुरुलिंग मान खाली घालायचा. मान खाली घातली की मिशी जास्त शोभते, हे त्यानं पाण्यात बघून ठेवलं होतं.

एवढा गुण हातात असून लग्न मात्र झालेलं नव्हतं. जमीन नावाला आणि मिशी गावाला, अशा माणसाला मुलगी कोण देणार? त्यात एकदा चिटगुप्प्याच्या बाजारात त्यानं निलम्माला बघितलं. ती चाळणीवाल्याशी घासाघीस करत होती. चाळणीवाला हरला. हरून वर खूशही दिसला. गुरुलिंगच्या डोक्यातून ती बाई पुन्हा गेली नाही.

निलम्मा ही चिटगुप्प्याजवळच्या सिद्धलिंगप्पांची मुलगी. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच नवरा तापानं गेला आणि ती बापाच्या घरी परत आली. लिंगायतांत विधवेचं पुन्हा लग्न लागतं, उडकी म्हणतात त्याला. पण लागतं म्हणून कुणी धावत येतं असं नाही. तिचा पायगुण वाईट अशी कुजबुज होती, आणि कुजबुज पायाशी थांबत नाही, हातापर्यंत येते. त्या साली सिद्धलिंगप्पांचा जुना गुळव्या वारला. तो भेंडी गावात आपल्या घरीच भिजवून आणायचा, पण का ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी एका पाहुण्याकरवी गुरुलिंगला निरोप धाडला. यंदाचा गूळ तुझ्या हातचा उतरू दे, बाकीचं मग बोलू. बाकीचं म्हणजे काय, हे पाहुण्यानं डोळा बारीक करून सांगितलं. गुरुलिंग त्या दिवशी आपली काठी तेल लावून पुसत बसला.

सिद्धलिंगप्पांचं गुऱ्हाळ गावापासून कोसभर लांब, शेतात होतं. सकाळी निलम्मा गावातल्या विहिरीचं पाणी डोक्यावरून आणायची. ती घागर सगळ्यांना प्यायला. स्वयंपाक मात्र ती परत आल्यापासून तिथंच तीन दगडांच्या चुलीवर, शेतातल्या विहिरीच्या पाण्यात व्हायचा. पहिल्या दुपारी सगळे जेवायला बसले. भाकरी मऊ, चटणी झणझणीत, आणि डाळ अशी की एकेक दाणा दाताखाली वाजत होता. सगळे चावत राहिले. सवय झालेली दिसत होती.

चुलवाणात चिपाड घालणारा ग्यानबा शेजारी बसला होता. तो कानाशी लागला. "बाईच्या हाताला गुण न्हाई. नवरा गेला, हितं आली, तवापासनं डाळ शिजंना. तीन वर्सं झाली."

हातगुणाचा विषय निघाला आणि गुरुलिंगला गप्प राहवलं नाही. होणाऱ्या सासऱ्यासमोर चार शहाणपणाचे शब्द बोलावेत असं त्याला वाटलं. तो मोठ्यांदा म्हणाला, "मालक, हात लागतो बगा. भेंडीला लागतो तसा डाळीला बी लागतो. एकेकाच्या हातात देवानंच घालून धाडलेलं असतंय. एकेकाच्या हातात नसतंय. त्याला कोन काय करणार?"

सिद्धलिंगप्पांचा घास हातात राहिला. चुलीपाशी निलम्मा पाठमोरी होती. ती वळली नाही. ओल्या लाकडाला फुंकर घालत राहिली, ते पेटल्यावरसुद्धा. आणि गुरुलिंग, हा आमचा शहाणा, आपण छान बोललो म्हणून आणखी एक भाकरी मागून बसला.

जेवणं झाली. भेंडी सकाळीच भिजत घातली होती. ग्यानबा, चरकावरची माणसं, बैल हाकणारे सगळे जमले. सिद्धलिंगप्पा पटका सावरून पुढं उभे राहिले. गुरुलिंगनं काठी रांजणात उभी केली, डोळे मिटले, चैत्र-वैशाख सुरू केले आणि काठी फिरवली. कुणीच काही म्हणेना म्हणून त्यानं एक डोळा उघडला. काठीभोवती खड्डा पडला होता. साध्या पाण्यात पडतो तसाच, गोल आणि नीटनेटका.

त्यानं आणखी ताटं ठेचायला लावली. पुन्हा काठी फिरवली. पुन्हा खड्डा. महिने जोरात म्हणून झाले. श्रावण संपला तेव्हा घाबरून त्यानं पुन्हा चैत्र धरला. भेंडीचं पाणी काही बुळबुळेना. सालपटं एकीकडे आणि पाणी एकीकडे, भांडण झालेल्या भावांसारखी. तिकडे काहिलीतला रस उकळून वाट बघत होता. शेवटी तेच पाणी ओतलं. मळी वर आली ती अर्धीच, उरलेली गुळात बसली.

ढेप निघाली ती काळपट. सिद्धलिंगप्पांनी खडा तोडून जिभेवर ठेवला. "हं," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळानं, "उद्या आनखी एक आधण घालून बगू. न्हाईतर बाजारात दुसरा गुळव्या हुडकाय लागंल." बाकीचं बोलणं राहिलंच. ते त्यांनी काढलं नाही, आणि विचारायचं तोंड गुरुलिंगला उरलं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत पुन्हा भाकरी-डाळ समोर आली. गुरुलिंगनं घास घेतला, दाणा कर्रकन वाजला, आणि सवयीनं तो तोंड उघडणार तेवढ्यात त्याचं लक्ष वाटीकडे गेलं. वर नितळ पाणी, खाली डाळ सुटी. पाणी एकीकडे आणि डाळ एकीकडे. हे चित्र त्यानं आजच कुठंतरी बघितलं होतं.

"ग्यानबा," तो हळूच म्हणाला, "डाळीला पाणी कुठलं?"

"हितलंच की. विहिरीचं."

"आन् भेंडीला?"

"ते बी हितलंच. कामून?"

गुरुलिंग उठला, विहिरीवर गेला आणि ओंजळभर पाणी प्याला. मचूळ होतं. दिवसभर तो घागरीतलं गोड पाणी पीत होता, त्यामुळं त्याला पत्ताच लागला नव्हता. तो काठावर बसला आणि हिशेब मांडू लागला. आजवर त्यानं गूळ कुठं कुठं केला? मंठाळात आणि आसपासच्या दोन-चार मळ्यांवर. त्या सगळ्यांना पाणी एकाच ओढ्याचं, आणि ते गोड. म्हणजे इतकी वर्षं काठीवर जे चढत होतं त्यात हात किती आणि ओढा किती? उत्तर सोपं होतं. म्हणूनच ते गिळायला जड गेलं. मिशी, मंत्र, मान खाली घालणं, सगळं त्या ओढ्यानं फुकट पोसलं होतं.

त्याचं मन लगेच पळवाट शोधू लागलं, आणि ती सापडलीही. मालकांना सांगायचं की मंत्राला गावच्या विहिरीचंच पाणी लागतं. गावात जंगमाचा मठ आहे, लोकांना लगेच पटेल. भेंडी चढेल, नाव राहील, लग्न होईल. फक्त डाळ तेवढी निलम्माच्या हाताच्या नावावर राहील. ती तशीही राहिलेलीच होती. रात्रभर त्याला ही पळवाट चांगली वाटली.

सकाळी तो गावच्या वाटेवर जाऊन उभा राहिला. समोरून निलम्मा घागर घेऊन येत होती. आता हाक काय मारायची? बाई म्हटलं तर परकेपणा, नाव घ्यायचं तर अधिकार नाही, आणि अक्का म्हणायचं तर पुढचं सगळंच मुसळ केरात. शेवटी हाक न मारताच तो आडवा आला.

"जरा पाणी लागायलंय."

"प्यायला?"

"भेंडीला."

निलम्मानं घागर उतरवून बांधावर ठेवली. "भेंडीला पाणी कामून? तुमचा हात हाय की."

गुरुलिंग पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. "हितल्या पाण्यात भेंडी चढत न्हाई."

"आन् डाळ?"

त्यानं अंगठा मातीत आणखी खुपसला. मग म्हणाला, "डाळ बी शिजत न्हाई."

"हे मला ठावं हाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "घरी करते तवा शिजती, हितं शिजत न्हाई. अप्पांना दोनदा सांगितलं. ग्यानबा म्हनला, हात वाईट आन् बाई पाण्यावर घालायली. मग मी बोलायचं सोडून दिलं. तुमी काल बोललात ते लई लागलं बगा. बाकीच्यांचं लागत न्हाई आता."

 माफ कर म्हणायचं त्याला माहीत नव्हतं. आजवर कधी गरज पडली नव्हती, निदान त्याच्या मते.

"घागर घेऊन जावा," निलम्मा म्हणाली. "अप्पांना काय सांगायचं ते तुमचं तुमी बगा. मी काई अट घालत न्हाई."

अट घातली असती तर बरं झालं असतं, असं तो पुढं सांगायचा. अट मोडता तरी येते. त्यानं घागर खांद्यावर घेतली. ज्याला डोक्यावर वजन घ्यायची सवय नाही त्यानं घागर कशी न्यावी? अर्धं पाणी अंगावर घेत तो गुऱ्हाळावर पोचला. माणसांनी तोंडं फिरवून हसून घेतलं.

उरलेल्या पाण्यात त्यानं भेंडी भिजत घातली. दुपारी पुन्हा मंडळी जमली, या वेळी जरा लांब उभी राहून. काठी फिरली आणि भेंडी सरसर वर चढली, वीतभर नव्हे, त्याहूनही वर. सिद्धलिंगप्पांच्या तोंडावर हसू आलं. "हात हाय बरं का पोराचा," ते म्हणाले. "कालचा दिवसच वाईट होता."

झालं. गप्प बसायचं, मान खाली घालायची, बास. मिशी आपोआप वर गेली, असं गुरुलिंग सांगायचा. पण चुलीपाशी निलम्मा डाळ निवडत होती. तिनं वर बघितलंच नाही. त्याच्याकडून कसलीही आशा नसल्यासारखी ती खाली मान घालून बसली होती. तेवढं त्याला सोसलं नाही.

"मालक, थांबा," तो म्हणाला. चुलीपाशी जाऊन त्यानं मिठाच्या मडक्यातून मूठभर मीठ घेतलं. थोडी भेंडी एका तांब्यात काढली, काठी फिरवली. भेंडी चढली. मग मीठ टाकून ढवळलं आणि पुन्हा काठी फिरवली. तांब्यातला सगळा बुळबुळीतपणा मावळला आणि काठीभोवती खड्डा पडला.

"बगितलं?" तो म्हणाला. "ह्यात माझा हात न्हाई. पाणी हाय. गोड्या पाण्यात भेंडी चढती, खाऱ्यात उतरती. आमचा ओढा गोडा, म्हणून आजवर माझं नाव. तुमची विहीर खारी, म्हणून भेंडी चढंना आन् डाळ बी शिजंना. काल मी जेवताना बोललो ते खोटं होतं. बाईंच्या हाताला काई झालेलं न्हाई. माझ्याच हातात काई नव्हतं."

 ग्यानबा चुलवाणात उगीच चिपाड सारू लागला. सिद्धलिंगप्पा तांब्यात बोट बुडवून बघत राहिले. मग ते गेले आणि गाडी जुंपायला लागले. गाडीत त्यांनी पखाली घातल्या, भेंडीसाठी गावातून पाणी आणायला.

निलम्मा उठून गाडीपाशी आली. "अप्पा, भेंडीसाठी गाडी निघाली," ती म्हणाली. "डाळीसाठी तीन वर्सांत एक घागर जास्तीची आली न्हाई."

सिद्धलिंगप्पांचा हात जुवावर तसाच राहिला. म्हातारा माणूस, आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. त्यांनी मान हलवली आणि गाडी हाकली. परत आले तेव्हा पहिली पखाल त्यांनी रांजणात रिती केली नाही. निलम्माच्या चुलीपाशी नेऊन स्वतः तिच्या भांड्यात ओतली. त्या दिवशी जेवण उशिरा झालं, पण डाळ लोण्यासारखी शिजली. सिद्धलिंगप्पांनी दोनदा मागून घेतली. खाली मान घालून जेवले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे हे सगळ्यांना दिसलं, आणि दिसलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

गूळ केशरी उतरला. संक्रांतीनंतर उडकी लागली. गुरुलिंगची एक गंमत मात्र कायमची राहिली. एवढं चारचौघांत सांगूनही लोकांनी त्याच्या हातगुणावरचा विश्वास सोडला नाही. "हातगुण असल्याबिगर पाण्याचं कळलं व्हय?" असं ग्यानबाच सगळीकडे सांगत सुटला. गुरुलिंग म्हणायचा, "मानूस एकदा शहाना ठरला की सुटका न्हाई. मी किती जीव तोडून सांगितलं, की मी गाढव हाय. कुणी मनावरच घेईना."

पुढं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबादेहून शेतकी खात्याचे एक साहेब आले. त्यांनी काठीचा खेळ मोठ्या कौतुकानं बघितला आणि दखनीत समजावून सांगितलं. "देखो मियाँ, इस में बारीक धागे रहते, आँख को नै दिखते." हे धागे गोड्या पाण्यात एकमेकांना ढकलतात, म्हणून हातपाय ताणून पसरतात आणि लांब होऊन एकमेकांत गुंततात. काठी फिरली की गुंतलेले धागे ताणले जातात, काठीला आवळत जातात आणि आवळता आवळता वर सरकतात. जोरात ढवळलं की ते एका दिशेनं ओळीत लागतात, म्हणून पातळ वाटतं. सोडून दिलं की पुन्हा गुंततात आणि घट्ट होतात. आणि मीठ पडलं की त्यांचं ते ढकलाढकलीचं भांडणच मिटतं. मग ते अंग चोरून गोळा होऊन बसतात, कुणी कुणात गुंतत नाही.

गुरुलिंगनं सगळं ऐकलं आणि निलम्माला म्हणाला, "म्हंजे भांडत्यात तोवर एकमेकांत गुंतून ऱ्हात्यात." निलम्मा म्हणाली, "मग आपलं काई खरं न्हाई, मला तुमच्याशी भांडायला सवडच न्हाई." साहेबांना मराठी येत नव्हती, तरी ते हसले.

तेव्हापासून नव्या गावी गेला की गुरुलिंगची एक रीत ठरली. गुऱ्हाळावर जायच्या आधी तो त्या घरची डाळ मागून खायचा. डाळ मऊ असली की तिथल्याच पाण्यात भेंडी भिजवायची. कडक असली की गाडी जुंपायला लावायची, आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं एक वाक्य म्हणायचं.

रझाकारांची धामधूम वाढायच्या आधी, शेवटचं बाहेरगावचं काम त्यानं ठाणाकुशनूरला घेतलं. तिथं त्याच्यापुढं वाटी आली. त्यानं एक घास घेतला. दाराआड त्या घरची सून उभी होती, आणि ओसरीवर सासूचं तोंड सकाळपासून चाललेलं होतं. गुरुलिंगनं वाटी खाली ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पोरीचा हात चांगला हाय. तुमचं पाणी खारं हाय."

सासू गप्प झाली.  दाराआडून हुंदका ऐकू आला, पदरात दाबलेला.

घरी आल्यावर त्यानं हे निलम्माला सांगितलं. सांगताना नेहमीसारखी काही थट्टा करायची म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण त्याला थट्टा सुचली नाही. निलम्मा चुलीपुढं बसून होती.  ताट पुढं ओढून तिनं त्याच्या वाटीत डाळ वाढली.

"शिजलीय का बगा," ती म्हणाली.

त्यानं एक घास घेतला. "पाणी चांगलं हाय," तो म्हणाला.

निलम्माला हसू आलं, आणि हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले.